त्या बाटलीतल्या गोळ्यांबद्दल, आईस

मेलबर्न,
श्रावण

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही दोघं इथं मजेत आहोत. थंडी आहे, पण तुला वाटते तेवढी नाही, आणि स्वेटर घालते मी. जेवणखाण वेळेवर असतं. बाकी रोजचं तू व्हिडिओवर बघतेसच, ते परत लिहीत बसत नाही.

फोन सोडून पत्र का, तर आपल्या घरी फोन म्हणजे गणपतीचा लाऊडस्पीकर. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत अप्पा, अण्णा, दूध घालायला आलेली मावशी, सगळे कान देऊन बसतात. हा विषय त्यांच्यासमोर काढला असता तर तू ‘बरं बरं, ठेवते आता’ म्हणून मोकळी झाली असतीस. मागच्या रविवारी मायक्रोवेव्हशेजारची बाटली तुझ्या नजरेत भरली, हे मला तेव्हाच कळलं होतं. तू काही बोलली नाहीस. मग मोठीआईचा आवाज आला मोबाईलवर, ‘बाई, बरी हाईस नव्हं? कसल्या गोळ्या चालू केल्यास?’ तिच्यामागं तू उभी होतीस, बांगड्या ऐकू येत होत्या.

तर ऐक. मला काहीही झालेलं नाही. थायरॉईड नाही, साखर नाही. आणि तुझी जी खरी शंका आहे, की ही मूल होऊ नये म्हणून गोळ्या खाते, तसं तर अजिबात नाही. उलट आहे. त्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आहेत, एक जीवनसत्त्व आहे ते, आणि मूल हवं असलं की आधीपासून घ्यायचं असतं. म्हणजे आमचा विचार आहे. विचार आहे एवढंच. अजून काही नाही, असेल तेव्हा पहिला फोन तुलाच करीन, लगेच दृष्ट काढायला बसू नकोस.

‘आधीपासून कशाला, दिवस गेले की घ्यायच्या ना,’ असं तू म्हणणार. वहिनीच्या वेळी तसंच झालं. गरोदरपणाच्या नोंदणीचं तायी कार्ड झालं, आशाताई लाल गोळ्या घेऊन आली, तोवर तिला तिसरा सरत आला होता. आशाताईचा काही दोष नाही, नाव नोंदल्याशिवाय ती तरी कुणाला काय देणार? पण बाळाची पाठ तोवर थांबत नाही. गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांत बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा जिथून होतो ती नळी मिटते. करंजीची कड आपण मुरडून बंद करतो ना, तसं. एखाद्या जागी कड उघडी राहिली की राहिली, ती पुढं मिटत नाही. वर डोक्याकडे उघडी राहिली तर ते मूल जगत नाही. खाली पाठीत राहिली तर पाठीवर गाठ येते, पायांत जोर नसतो, लघवीवर ताबा राहत नाही. आणि हे सगळं होऊन जातं तेव्हा बाईची पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस झालेले असतात. कितीजणींना तोवर पत्ताही नसतो! म्हणून गोळी निदान महिनाभर आधी सुरू करायची आणि तिसरा महिना संपेपर्यंत रोज घ्यायची. नेहमीचा डोस 400 मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी.

आता इथल्या लोकांची एक तऱ्हा सांगते, म्हणजे मी हे एवढं उघड का लिहितेय ते कळेल. माझ्या ऑफिसात दुपारी सगळे एका टेबलावर डबा खातात. एक मुलगी आहे, लग्न नुकतंच झालंय. (काहींचं झालेलंही नसतं, पण ते राहू दे, अप्पांना वाचून दाखवू नकोस.) ती सँडविच खाता खाता सगळ्यांदेखत म्हणाली, ‘आम्ही बाळासाठी प्रयत्न करतोय.’ सगळ्यांदेखत म्हणजे आमच्या साहेबासमोरसुद्धा, अप्पांच्या वयाचा माणूस आहे तो. माझा घास तोंडातच राहिला. मला वाटलं आता हा उठून जाणार, किंवा कुणीतरी खोकणार. तो म्हणाला, ‘अरे वा, शुभेच्छा!’ आणि सफरचंद कापायला लागला. दुसरीनं विचारलं, ‘फॉलेट सुरू केलंस ना?’ म्हणजे ह्याच गोळ्या. पहिली म्हणाली, ‘कधीच.’ आणि विषय फुटबॉलवर गेला. कुणाला लाज नाही, हसू नाही, आपल्याकडे शेतात कोथिंबीर टाकली म्हणावं तसं. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, मग काय झालं? ह्यांना काय सांगायचं! आपल्याकडे ‘गोड बातमी’ येईपर्यंत त्या गोष्टीला तोंडच नसतं, आणि ती आली की एकदम सगळी गल्ली पापड-लोणची घेऊन हजर. त्या मधल्या गप्प राहण्यातच ते चार आठवडे निघून जातात. इथलं सगळंच मला पटतं असं नाही, पण हे पटलं.

तू म्हणशील, आम्ही पालेभाजी, डाळी खाऊनच तुम्हाला वाढवलं. खरं आहे. मेथी, पालक, हरभरा, मूग, शेंगदाणे, सगळ्यांत ते असतं. पण ते पाण्यात उतरतं आणि उष्णतेनं मरतं. तू पुंडीची भाजी उकडून, पिळून, पाणी मोरीत ओततेस, त्यातलं बरंच तिथंच जातं. मेथीचा घोळाणा खाल्ला तर मिळतं, कच्ची असते ना. पण कुणी रोज वाटीवाटीनं घोळाणा खात नाही, आणि भाजीतलं अंगाला लागतं ते गोळीतल्यापेक्षा कमी. भाजी सोडायची नाही, पण पहिल्या महिन्यांत तिच्या एकटीच्या जिवावर राहायचं नाही.

इथं तर 2009 च्या सप्टेंबरपासून पावाच्या पिठात कायद्यानंच फॉलिक अ‍ॅसिड घालतात. किलोला दोन ते तीन मिलिग्रॅम. तरी नुसत्या पावावर भागत नाही म्हणून गोळी घ्या असं सांगतातच. आपण जोंधळं घरचं, दळण कोपऱ्यावरच्या गिरणीत, त्यात कोण काय घालणार? आणि जिथं घालतात ते तू निवडून टाकतेस. रेशनच्या तांदळात ते पांढरट, वेगळे दाणे असतात ना, प्लास्टिकचे म्हणून कोंबड्यांपुढं टाकतेस ते? ते प्लास्टिक नव्हे. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-बारा घालून पाडलेले दाणे आहेत, शंभराला एक असे मिसळलेले. आपल्या कोंबड्या त्यामुळे जोमात असतील.

आणि हे काही गोऱ्यांचं खूळ नाही. ह्याची सुरुवातच मुंबईत झाली. 1928 च्या सुमारास लुसी विल्स नावाची डॉक्टरीण विलायतेहून तिथं आली होती. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायका रक्त कमी होऊन पांढऱ्याफटक पडायच्या, मरायच्या. आपल्या भागातले कितीजण तेव्हा गिरण्यांत होते, त्यांच्याच घरच्या असतील काही. तिनं त्यांना यीस्टचा काळा अर्क खायला दिला आणि रक्त भरलं. 1931 साली तिनं ते छापलं. त्या अर्कात नेमकं काय आहे हे तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं. ते हेच होतं. इथले लोक तसलाच एक काळा खारट लेप सकाळी पावाला लावून खातात. मी एकदा खाल्ला, परत नाही.

आता जे लिहायचं म्हणून खरं तर पत्र काढलं ते लिहिते. हे मोठीआईला वाचून दाखव, पण ती एकटी असेल तेव्हा.

तिचं पहिलं बाळ. आपल्या घरात कुणी बोलत नाही, पण मला लहानपणीच ठाऊक झालं होतं. पाठीवर खाली गाठ होती, थोड्याच दिवसांत गेलं. 1980 च्या फेब्रुवारीतल्या त्या ग्रहणात तिनं विळीवर वांगी चिरली म्हणून ते झालं, असं आजी शेवटपर्यंत म्हणायची. अंकोला, हुबळीकडे खग्रास होतं ते, आपल्याकडेही भर दुपारी अंधारून आलं होतं म्हणतात. मोठीआई अजून ग्रहण लागलं की हातपाय आखडून बसते, आता सत्तरीकडे झुकली तरी. आई, मीच विचारलं होतं तिला एकदा, तेव्हा कितवा होता? म्हणाली, पाचवा. मग हिशेब कर. पाठ मिटायची असते ती पहिल्या चार आठवड्यांत. ग्रहण आलं त्याच्या निदान दोन महिने आधीच, संक्रांतही लांब होती तेव्हाच, जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. विळी, वांगं, ग्रहण, कशाचाही संबंध नाही. तिचा तर नाहीच नाही. गोळीनं हे टळतं हे पक्कं सिद्धच झालं 1991 साली. ज्यांना आधी असं मूल झालं होतं अशा बायकांना सात देशांत गोळ्या देऊन बघितल्या, तेव्हा पुन्हा तसं होणं चारांतल्या जवळजवळ तीन ठिकाणी टळलं. म्हणजे सगळं टळत नाही, गोळी घेऊनही एखादीला होतं. आणि 1980 साली तिला गोळी द्यायला कुणाला ठाऊकच नव्हतं. कुणाच्या हातात काही नव्हतं, एवढं तिला कळू दे.

आणि म्हणूनच पिंकीचं. लग्न मार्गशीर्षात धरलंय ना? मग तिनं निदान महिनाभर आधी सुरू करायला हवं. ‘आम्ही दोन वर्षं थांबणार’ असं ती म्हणते, म्हणू दे. असं म्हणणाऱ्यांची बारशी मी जेवलेय. घेतली आणि थांबली तरी गोळीनं काही बिघडत नाही. पण तिनं आधी डॉक्टरकडे जाऊन मोठीआईच्या बाळाचं सांगायचं. घरात असं झालेलं असेल, किंवा बाईला साखर असेल, फिट्सचं औषध चालू असेल, तर डोस वाढवतात, पाच मिलिग्रॅमपर्यंत. किती ते डॉक्टरनं ठरवायचं, दुकानातून मनानं आणायची नाही. तिनं माळ घातल्यापासून मटण-अंडं बंद आहे, तर बी-बाराही तपासून घ्यायला सांग. ते कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिडच जास्त घेतलं तर रक्त चांगलं दिसतं आणि आत नसा बिघडतात.

तू लगेच म्हणणार, सासरी कळलं तर सोयरीक मोडेल. सासरी कुणी सांगायला सांगितलंय? डॉक्टरच्या केबिनमध्ये सांगायचं, दार लावून. गोळी बारीक, पिवळी असते, ती गरम पडत नाही, तिनं बाळ काळं होत नाही, मोठं होऊन अडतही नाही. पोटात ढवळतं, शी काळी होते ते लोहाच्या लाल गोळीनं. वहिनीनं तिच्या लाल गोळ्या परसात कढीपत्त्याच्या बुडाशी पुरल्या होत्या, मला तिनंच सांगितलं, तिला रागावू नकोस. रात्री जेवून, लिंबाच्या पाण्याबरोबर घेतल्या असत्या तर निभावलं असतं. चहाबरोबर मात्र कधी नाही. पुढच्या खेपेला बघू.

आता बाकीचं घाईत. साखरपुड्याला मी येत नाही. तू फोनवर ‘चालतंय की’ म्हणालीस ते कसं म्हणालीस ते मला कळतं. रजा एकदाच मिळते, ती मी लग्नाला ठेवलीय, हळदीच्या आदल्या दिवशी पोचते. ह्यांचं नक्की नाही. तू चारचौघांत ‘जावईबापू येणारच’ असं सांगून ठेवू नकोस, मग मला तोंड द्यावं लागतं. गडहिंग्लजच्या लोकांना मानपान काय हवाय ते आत्ताच विचारून घ्या, अण्णाला ऐनवेळी पळवू नका. पिंकीला माझ्या पाटल्या द्यायच्या ठरल्यात त्या द्यायच्या, मोडायच्या नाहीत. मी इथं घालून कुठं मिरवणार आहे!

कार्यालयाच्या अ‍ॅडव्हान्ससाठी एक लाख पाठवतेय, सोमवारपर्यंत पोचतील. गेल्या वेळी मी म्हणाले होते त्यापेक्षा कमी आहेत, घरभाडं वाढलं इथलं. उरलेले दिवाळीच्या आत नक्की. अप्पांना सांग, सोसायटीचं कर्ज काढायचं नाही, मी आहे. बँकेत जाताना अण्णाला बरोबर घ्यायला सांग, तिथं फॉर्म कन्नडमधला देतात आणि अप्पा तावातावानं भांडून तसेच परत येतात. पैसे जमा झाले की मेसेज कर, आणि कार्यालयवाल्याकडून पावती सही-शिक्क्याची घ्या.

तुझी,
थोरली