ताकवाल्या मावशींना शिकवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आतकरवाडीतून दर रविवारी सिंहगड चढणाऱ्यांच्या रांगेत मी गेली अठरा वर्षे आहे. गेल्या महिन्यात निम्म्या वाटेवर पन्नाशीचे एक गृहस्थ माझ्या चार पावले पुढे कोसळले. आम्ही वीसएक जण गोळा झालो. कुणी तोंडावर पाणी मारले, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी जिभेवर साखर ठेवली. त्यांच्या घशातून थांबून थांबून घरघर येत होती. ‘श्वास चालू आहे, हात लावू नका,’ असे एकाने बजावले आणि आम्ही मुकाट ऐकले. उरलेले मोबाइलला रेंज शोधत होते. ते गृहस्थ वाचले नाहीत.

पुढे ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितले, की ती घरघर म्हणजे श्वास नव्हेच. हृदय थांबल्यावरही काही मिनिटे माणूस तसे आचके देतो, आणि बघणारे फसतात. हाक मारून, हलवून माणूस ओ देत नसेल आणि श्वास नेहमीसारखा नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी दाब द्यायला लगेच सुरुवात करायची. मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने. चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. आमची ती मिनिटे कांद्यात गेली.

असे काही घडले की ‘वर हवा विरळ असते’ हे ठरलेले उत्तर येते. सिंहगड जेमतेम १३०० मीटर उंच. तिथल्या हवेला दोष देण्यात अर्थ नाही. आठवडाभर खुर्चीत बसायचे आणि रविवारी उपाशीपोटी घड्याळ लावून ‘पाऊण तासात वर’ म्हणत सुटायचे, हे आपले खरे दुखणे. (मीही त्यातलाच. माझ्याही वेळा वहीत लिहिलेल्या आहेत.) आल्प्समधल्या डोंगरभटक्यांच्या अभ्यासातही असे मृत्यू मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी अधिक आढळले. चढताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर तिथेच बसावे आणि सोबत्याला सांगावे. ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून पुढे जाऊ नये.

१०८ची रुग्णवाहिका गाडीतळापर्यंत येईल, पायवाटेवर नाही. विजेचा झटका देणारे ‘एईडी’ यंत्र वाटेत असेल, तर ते स्वतः हृदयाची लय तपासते, बोलून सूचना देते आणि गरज नसेल तर झटका देतच नाही. झटक्याला उशीर होणारे प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटवते. मग ते यंत्र ठेवायचे कुणाजवळ? माझ्या मते ताक, काकडी, लिंबू सरबत विकायला बसणाऱ्या मावशींजवळ. आम्ही तासाभरात येऊन जातो. त्या दिवसभर तिथेच असतात. चढणाऱ्यांतला कोण नेहमीचा, कोण नवखा, कुणाचा चेहरा उतरलाय, हे त्यांना आधी कळते. त्या दिवशीही ‘दादा, बसा जरा’ असे त्या गृहस्थांना एका मावशींनीच म्हटले होते.

गोळेवाडी नाक्यावर गाड्यांकडून शुल्क घेतले जाते. त्यातून अशी दोन यंत्रे घेता येतील का, याचा संबंधितांनी विचार करावा. आणि एखादे डॉक्टर रविवारी सकाळी तासभर शिकवायला येणार असतील, तर सरावाच्या पुतळ्याचा खर्च आमचा रविवारचा गट करील.

आपला,
एक वाचक, धायरी, पुणे