केपटाऊनच्या फुमेझा तिसिले यांना

फुमेझाताई,

नमस्कार. तुम्ही केपटाऊनच्या खायेलित्शातल्या, आम्ही गोवंडीचे. ओळख असण्याचं काही कारण नाही. पण माझी मुलगी एमडीआर टीबीतून, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीतून बरी झाली आणि तिचे कान शाबूत राहिले. त्यात तुमचा हात आहे, म्हणून हे पत्र.

धाकट्या दिरांना हाच आजार झाला तेव्हा कानामायसिनची सुई होती, महिनोन् महिने. टीबी गेला आणि ऐकू येणंही गेलं. अजून त्यांच्याशी बोलायचं तर समोर जाऊन, ओठ दिसतील असं बोलावं लागतं. तुमचंही त्याच सुईने तसंच झालं. मुलीला मात्र बेडाक्विलिनच्या गोळ्या मिळाल्या. पहिले दोन आठवडे रोज चार, मग सोमवार-बुधवार-शुक्रवार दोन-दोन. बाकीच्या गोळ्यांचा ढीग होताच, मळमळ, मधूनमधून ईसीजी. आता दिवसभर कानात हेडफोन घालून बसते, हाक मारली तरी ओ देत नाही.

तुम्ही 2013 मध्येच बऱ्या झालात. पुढे घरी बसला असतात तरी कुणी नावं ठेवली नसती. तरी 2019 मध्ये तुम्ही आणि मुंबईच्या नंदिता वेंकटेशन, ज्यांचं ऐकणंही टीबीच्या उपचारातच गेलं, दोघींनी भारताच्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली. बेडाक्विलिनचं पेटंट असलेल्या जॉन्सन अँड जॉन्सनला त्याच औषधाच्या क्षारावर, म्हणजे त्याच्याच एका रासायनिक रूपावर, नवं पेटंट घेऊन मक्तेदारी 2027 पर्यंत न्यायची होती. आपल्या कायद्यात अशी हरकत कुणीही घेऊ शकतं, हे मला तुमच्यामुळे कळलं. मार्च 2023 मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला, जुलैत जुनं पेटंट संपलं आणि इथल्या कंपन्यांना वाट मोकळी झाली. जगभरच्या खरेदीत कोर्सचा भाव त्याच वर्षी निम्म्याहून खाली आला. सप्टेंबरात तर 134 देशांत पेटंट बजावणार नाही, असं कंपनीनेच जाहीर केलं.

याला उपकार म्हणायला माझी जीभ वळत नाही. इथे बनणाऱ्या औषधांवर आफ्रिकेतले कितीतरी दवाखाने चालतात, म्हणजे लढाई तुमच्या माणसांचीही होती आणि आमचीही. मदतीच्या नावाने फोटो काढून जाणारे आम्ही वस्तीत पुष्कळ पाहिलेत. तुम्ही आमच्या बाजूने अर्जावर सही केलीत.

नंदिताताईंनाही असंच पत्र लिहिणार आहे. हे मुलीने टाइप केलंय, तिचाही नमस्कार.

एका पेशंटची आई
गोवंडी, मुंबई