वहीचा कोपरा दुमडणाऱ्या आशाताईंना

ताई, नमस्कार.

व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्हाला कितीही लिहिलं तरी तुमच्याकडून हात जोडलेला एक इमोजी येतो आणि विषय संपतो, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव नाही टाकत, गावाचंही नाही. नाशिककडचा दिंडोरी तालुका आणि तिथल्या एक आशा सेविका, एवढंच पुरे.

नोव्हेंबरात मी आले तेव्हा माझ्याकडे फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये एका अ‍ॅपच्या ४२ स्क्रीन तयार होत्या. टीबीच्या पेशंटने रोजची गोळी घेतली की हिरवी टिक, ७ दिवस सलग घेतली की बॅज, महिना झाला की फटाके उडणार. इंटरॅक्शन डिझाइनचा, म्हणजे माणूस एखादी वस्तू किंवा अ‍ॅप कसं वापरेल ते ठरवण्याचा, फायनल प्रोजेक्ट, विषय आरोग्य, मी खूप खूष होते. पुण्यात बसून ३ पर्सोना, म्हणजे अ‍ॅप वापरणारी काल्पनिक माणसं, पण बनवलेले, त्यातल्या एकाचं नाव रमेश, वय ३५, 'टेक्नॉलॉजीची आवड'. (हसू नका.) उपकेंद्राच्या ओट्यावर तुम्ही माझा फोन हातात घेतला, स्क्रीनवर गोळीचं एकच चित्र होतं, आणि तुम्ही विचारलं, "मॅडम, ही एक गोळी कोणाची?" मला प्रश्नच कळला नाही. मग तुम्ही सांगितलं की गोळ्या वजनावर ठरतात, मोठ्या माणसाचं वजन ३५ ते ४९ किलो असेल तर रोज ३, ५० ते ६४ असेल तर ४. हे सगळं गाईडलाइनमध्ये लिहिलेलं आहे, मी ती पीडीएफ डाउनलोड पण केली होती. वाचली नव्हती.

दुसरा दणका रिमाइंडरचा. मी सकाळी ८ ची वेळ टाकलेली, कारण ८ ला माणूस उठून फ्रेश झालेला असतो ना, होस्टेलवर. तुमच्याकडे द्राक्षाच्या मजुरांना न्यायला पिकअप ६ च्या आधी येते, ८ वाजता माणूस बागेत आणि गोळ्या घरी पत्र्याच्या डब्यात. कागदावर साधारण हजार लोकांमागे एक आशा असते म्हणे, पण छाटणीपासून सुरगाणा-पेठकडची माणसं कामाला उतरली की तुमचे ते हजार कुठे राहतात, आणि तुम्ही बागांच्या बांधावरून त्यांनाही शोधत फिरता. पगार नाही, मोबदला, तोही कधी येईल तेव्हा. तुमच्या फोनमध्ये आधीच सरकारी अ‍ॅपांची रांग होती आणि त्यात मी अजून एक घेऊन आले होते!

आता ती गोष्ट, जी मी प्रोजेक्ट तपासणाऱ्या ज्युरीसमोर सांगितली पण तुमच्याशी कधी नीट बोलले नाही. तुमच्या पेशंटपैकी बागेत कामाला जाणाऱ्या एका पोराच्या फोनवर मी टेस्टिंगसाठी अ‍ॅपचा प्रोटोटाइप (कच्चा नमुना) टाकला होता, आणि संध्याकाळी परतताना पिकअपमध्ये सगळे त्याच्याच फोनवर व्हिडिओ बघत असताना वर मोठ्या अक्षरात आलं, 'टीबीची आजची गोळी घेतली का?' घरच्यांना माहीत होतं, टोळीला नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुकादम त्याला गाडीत घेईना. तुम्ही मला काही न बोलता सोबत घेऊन गेलात, मुकादमासमोर स्वतःचा फोन काढलात, त्यावरही मीच टाकलेला तोच मेसेज होता, आणि म्हणालात, "ही कॉलेजची पोरगी सगळ्यांनाच पाठवती, मला बी आलाय." मुकादम हसला, पोरगा गाडीत बसला. येताना स्टँडवर मला वडापाव घेऊन दिलात. "खा आधी, मग रड." ताई, मी खरंच रडत होते आणि तुम्ही तेव्हाही मला ओरडला नाहीत, फक्त एवढं म्हणालात की फोन एकट्याचा नसतो गं.

प्रायव्हसीवर आम्हाला अख्खं एक मोड्यूल होतं, त्यात मला चांगले मार्क पण होते.

त्यानंतर मी ८ दिवस लॅपटॉप उघडलाच नाही, नुसती तुमच्या मागे फिरले. तेव्हा तुमची वही दिसली. निळ्या पेनाने नेहमीची भेट, लालने वजन कमी झालेलं, आणि काही पानांचा कोपरा दुमडलेला. मी विचारलं हे काय, तर तुम्ही म्हणालात, "हा टाळायला लागलाय." दोन महिने झाले की खोकला जातो, भूक लागते, माणसाला वाटतं बरा झालो, आणि पुढचे ४ महिने कोण गोळ्या खाणार. त्याच सुमारास तो दारात यायचा बंद होतो, पोराला पाठवतो, 'घेतली घेतली' म्हणतो. तुम्ही तिथेच कोपरा दुमडता आणि दुसऱ्या दिवशी पहिली चक्कर त्या घरी. माझ्या अ‍ॅपमध्ये पेशंटची यादी नावाच्या क्रमाने होती, अ पासून.

मग मी ४२ स्क्रीन उडवल्या. आता ५ आहेत, त्याही तुमच्यासाठी, पेशंटच्या फोनवर काहीच नाही. पहिल्या स्क्रीनवर फक्त दुमडलेली पानं. आणि पेशंटसाठी एक कागद, ज्यावर टीबी हा शब्द नाही. लघवी केशरी होते ते औषधाच्या रंगामुळे, घाबरून गोळ्या बंद करू नका, हे सांगायला मी केशरीच्या ६ छटा छापून आणल्या आणि तुम्ही तिसरीवर बोट ठेवून "ही, बाकीच्या मिरिंडा" म्हणालात, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात फास्ट कलर अप्रूव्हल. टीबीच्या पेशंटला सरकारकडून मिळणाऱ्या पोषणाच्या पैशाची ओळ पण तुमच्यामुळे आली, महिन्याचे ५०० चे नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत हे कितीतरी घरांना माहीतच नव्हतं.

ज्युरीत एका सरांनी विचारलं की यात इंटरॅक्शन कुठे आहे, हा तर कागद आहे. पूर्वीची मी गडबडले असते. या वेळी वहीच्या पानाचा फोटो लावला, नावं झाकून, आणि कोपऱ्याबद्दल १० मिनिटं बोलले. त्यांना पटलं की नाही माहीत नाही, मार्क ठीकठाक आलेत.

तर थँक यू, ताई. वडापावचे पैसे तुम्ही घेतले नाहीत ते पण लक्षात आहे.

२४ मार्चला टीबी दिनाचा कार्यक्रम आहे म्हणालात ना, मी येतेय, नवीन कागदाच्या १०० प्रती घेऊन. फक्त छापायच्या आधी एक सांगा, मागच्या वेळी त्या आजींनी कागद हात लांब करून धरला होता, अक्षर अजून किती मोठं करू?

तुमचीच,
कॉलेजची पोरगी