चालू संगणक भंगारात काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा, म्हणजे नेहमीची सुरक्षा अपडेट देणे, थांबवला. तेव्हापासून आमच्या भागातल्या शाळांत आयसीटी लॅबच्या जुन्या संगणकांचे निर्लेखन कधी करायचे, म्हणजे ते नोंदीतून काढून भंगारात कधी घालायचे, ही चर्चा सुरू आहे. काही ठिकाणी डेडस्टॉक रजिस्टरवर (शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत) ‘निरुपयोगी’ असा शेराही पडला. मी माध्यमिक शाळेत संगणक शिकवतो. ही यंत्रे रोज माझ्या हाताखालून जातात, म्हणून ठामपणे सांगतो : यांतली बहुतेक यंत्रे उत्तम चालतात आणि विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली टाकली तर पुढेही चालतील. लोकवर्गणीतून आणि सरकारी निधीतून उभी राहिलेली ही सामग्री किलोवर विकण्याचा कुणालाही अधिकार नाही.

मुळात अडले कुठे? विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. त्याआधी घेतलेला आय-थ्री (इंटेलच्याच प्रोसेसरचा संगणक) कितीही ठणठणीत असला तरी कंपनीच्या यादीत नाही, म्हणून बाद. शिक्षणसंस्थांना नाममात्र शुल्क भरून आणखी तीन वर्षे सुरक्षा अपडेट घेता येतात, हे खरे आहे. पण त्यासाठी मुळात रीतसर परवाना हवा. अनेक शाळांत विंडोज ‘ॲक्टिव्हेटर’ मारूनच, म्हणजे परवान्याची अट चुकवणारा बेकायदा प्रोग्रॅम टाकूनच, चालवलेले असते. दुरुस्तीला आलेला मुलगा पेनड्राइव्हवरून ते टाकून जातो, त्याच पेनड्राइव्हवरून व्हायरस येतो आणि आठवड्याभरात सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होऊन बसतात. ज्या खोलीत मुले शिकतात तिथे चोरीची प्रत चालावी, याची शिक्षक म्हणून मला लाज वाटते.

लिनक्समध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. एकदा उतरवून घेतलेली प्रत शाळेतल्या सगळ्या संगणकांवर टाका, शेजारच्या शाळेला द्या, मुलांना घरी न्यायला सांगा. परवानाच तशी मुभा देतो. आमच्या लॅबमधल्या चौथ्या पिढीच्या आय-थ्रीची जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (तिच्याहून कितीतरी वेगवान साठवण) बसवली आणि लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. रॅम तीच, ४ जीबी. पूर्वी बटण दाबल्यावर हजेरी घेऊन होईपर्यंत पडदा फिरत राहायचा, आता मुले बाकावर बसेपर्यंत यंत्र तयार असते. लेखनासाठी लिब्रेऑफिस, गणितासाठी जिओजेब्रा, कोडिंगसाठी स्क्रॅच, चित्रांसाठी गिंप, सगळे चालते. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिपींचा प्रमाणित कळफलक सेटिंगमध्ये जाऊन निवडायचा, की मराठी टायपिंग सुरू. सातवीच्या मुलांना बदल जाणवलाही नाही. बावरलो ते आम्ही मोठे.

केरळने हे फार आधी केले. तिथल्या सरकारी शाळांत ‘आयटी@स्कूल’ प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला आणि काही वर्षांतच सगळे संगणकशिक्षण मुक्त (कुणीही वापरावे, बदलावे, वाटावे अशा) सॉफ्टवेअरवर गेले. आज त्याची उत्तराधिकारी संस्था ‘काइट’ उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर आधारलेली स्वतःची आवृत्ती तयार करून शाळांना देते. नुसत्या सीडी वाटून हे झालेले नाही. आधी शिक्षकांना प्रशिक्षण दिले, पाठ्यपुस्तके त्याच सॉफ्टवेअरवर लिहिली, परीक्षाही त्यावरच घेतली. आपल्याकडे याच्या नेमके उलटे. एमएस-सीआयटीच्या वर्गात शिकवले जाते ते प्रामुख्याने विंडोज आणि एमएस ऑफिस, मग नोकरीला लागलेला माणूस तेच मागतो आणि निविदेतही तेच नाव येते.

लिनक्समध्ये अडचणी नाहीत असे मी म्हणणार नाही. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या संस्थेने कार्यालयातला संगणक विंडोजवरच ठेवावा. काही जुन्या लेझर प्रिंटरांचे ड्रायव्हर लिनक्सवर रडवतात. पण आपला खरा गुंता मराठीचा आहे. वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका, दाखले, इतिवृत्ते शिवाजी, सुरेख, कृतिदेव अशा जुन्या फाँटांत टाइप केलेली आहेत. अशी फाइल त्या फाँटाशिवाय उघडली, की ‘मा. मुख्याध्यापक’ असायला हवे तिथे इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. मग निष्कर्ष निघतो, ‘लिनक्सवर मराठी चालत नाही.’ वस्तुस्थिती अशी, की हीच फाइल फाँट नसलेल्या नव्या विंडोजवर उघडली तरी तोच चिवडा दिसेल. त्या फाँटांत देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले होते. युनिकोड या जगभर चालणाऱ्या अक्षर-प्रमाणात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःची जागा आहे. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात. जोडाक्षरे आणि रफार मात्र डोळ्यांखालून घालावे लागतात. हे काम कधीतरी करावेच लागणार आहे, मग शाळा कुठल्याही प्रणालीवर राहो.

जर्मनीतल्या म्युनिक शहराचे उदाहरण विरोधात दिले जाते. त्या महापालिकेने दहा वर्षे खपून सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचे ठरवले. पण महापालिकेच्या कारभारात शेकडो खास प्रोग्रॅम असतात. शाळेच्या लॅबला लागतो ब्राउझर, लेखन, गणित, चित्रकला आणि थोडे कोडिंग. तिथे हा धोका फारच कमी. आणि त्याच जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार सरकारी संगणक लिब्रेऑफिस आणि लिनक्सवर नेण्याचा निर्णय घेतला, हेही सांगायला हवे.

शालेय शिक्षण विभागाला माझी विनंती आहे. केवळ विंडोज ११ चालत नाही या कारणाने आलेला निर्लेखनाचा एकही प्रस्ताव मंजूर करू नये. नव्या खरेदीच्या निविदेत उत्पादनाचे नाव न घालता गरज काय ती लिहावी. पुण्यात सी-डॅक ही केंद्र सरकारची संगणक संशोधन संस्था आहे, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदही पुण्यातच आहे. सी-डॅकनेच घडवलेली ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली २००७ पासून उपलब्ध आहे. या दोन संस्थांनी मिळून आपल्या अभ्यासक्रमाला जुळणारी मराठी आवृत्ती तयार करावी आणि प्रत्येक तालुक्यातल्या निदान दोन शिक्षकांना ती बसवायला, दुरुस्त करायला शिकवावे. शिक्षकाला अडल्यावर विचारायला तालुक्यातच माणूस मिळाला, तर तो परत ॲक्टिव्हेटरकडे वळणार नाही.

तोवर मुख्याध्यापकांना एवढेच सुचवतो, की भंगारवाल्याला बोलावण्याआधी एका संगणकावर पेनड्राइव्हवरून लिनक्स लावून पाहा. हार्ड डिस्कला हात न लावताही ते चालवून बघता येते.

आपला,
एक संगणक शिक्षक, जि. सातारा