आधी ऋण मोजायला शिकवणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुमचे नाव कोठेही येणार नाही, असे वचन घेतल्यावरच तुम्ही हे पत्र सर्वांसमोर ठेवण्याची परवानगी दिलीत, आणि तीही फारशा खुशीने नव्हे. तरीही ते टपालाने तुमच्या घरी न पाठवता उघडपणे लिहिण्यामागे कारण आहे. आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) घरातील मारहाणीविषयी बोलण्याची रीत नाही. कोणी बोललेच, तर बायबलची दोन-चार वचने ऐकवून त्या व्यक्तीला गप्प बसवण्याची रीत मात्र चांगली रुजलेली आहे. तुम्ही तीच वचने माझ्यासमोर उघडलीत आणि मागच्यापुढच्या ओळींसकट वाचून दाखवलीत. माझ्यासारख्या इतर मुलींनाही ती तशी वाचायला मिळावीत, एवढ्यासाठी हे जाहीर आभार.

माझ्या बालपणाबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण तुम्हाला ते ठाऊक आहे आणि इतरांना त्याचा तपशील लागणार नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या गावी माझे वडील चर्चच्या कमिटीवर होते, रविवारी उपासनेत खड्या आवाजात शास्त्रपाठ वाचत, आणि दारू पिऊन आले की आईला व आम्हां भावंडांना मारत. गावाला हे माहीत नव्हते असे नाही. बायबलमधील इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय त्यांच्या विशेष आवडीचा होता; मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावे, त्यांचा मान राखावा, इथपर्यंत ते वाचत आणि थांबत. बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका, असे सांगणारे चौथे वचन त्याच्या लगेच खाली आहे, हे मी प्रथम तुमच्याकडून ऐकले.

नोकरीसाठी पुण्यात आल्यावर मार थांबला, परंतु दाराची कडी वाजली की अंगाला कापरे भरणे थांबले नाही. देवावरचा विश्वास माझा कधी पूर्ण सुटला नव्हता. खरे सांगायचे तर तोच त्रासाचा भाग होता. मागच्या गोष्टी मागे टाकून पुढे धाव घ्यावी, हे प्रेषित पौलाचे वचन मला इतक्या जणांनी ऐकवले होते की, ज्याअर्थी मला काहीही मागे टाकता येत नाही, त्याअर्थी माझा विश्वासच खोटा असावा, असे मी धरून चालले होते. तुम्ही मला फिलिप्पैकरांस पत्राचा तिसरा अध्याय पहिल्यापासून वाचायला लावलात. मागचे विसरतो म्हणणारा हाच पौल त्याच अध्यायात थोडे वर आपले सगळे गतआयुष्य मांडतो: आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, परूशी म्हणजे कर्मठ यहुदी पंथाचा, आणि मंडळीचा छळ करणारा. ज्याला खरोखरच विसर पडला आहे तो असा तपशील देत नाही, असे तुम्ही म्हणालात, आणि पुढे खास नर्सच्या आवाजात जोडलेत की, पाठीमागचे पुसून टाकणे वेगळे आणि त्याच्या हातून आपला लगाम काढून घेणे वेगळे. पूर्वीच्या गोष्टींचे स्मरण करू नका असे सांगणारा यशया संदेष्टा तीनच अध्यायांनी पूर्वीच्या गोष्टी स्मरा असेही सांगतो, हे दाखवताना तर तुम्ही चक्क हसला होतात.

यानंतर तुम्ही मला स्तोत्रांकडे नेलेत, पण तेविसाव्याकडे नव्हे. मेंढपाळाचे ते स्तोत्र मला लहानपणापासून पाठ होते आणि त्याचा उपयोग होत नव्हता. तुम्ही पंचावन्नावे वाचलेत, ज्यात दावीद म्हणतो की निंदा करणारा शत्रू असता तर मी सोसले असते, पण हा तर माझ्यासोबत देवाच्या मंदिरात चालणारा माणूस होता. मग अठ्ठ्याऐंशीवे वाचलेत. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी कोठे ना कोठे आशेकडे वळतात. हे एक वळत नाही, ते अंधारातच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. देवासमोर असे बोलण्याची मुभा असते, हे मला कोणत्याही संडे स्कूलमध्ये शिकवले गेले नव्हते. विश्वास म्हणजे तक्रार नसणे, असेच आम्हांला वाटत आले. तुमच्या मते तक्रार देवाकडेच नेणे हा विश्वासाचाच एक प्रकार होता. मला आजही हेच खरे वाटते, आणि साक्षीच्या सभांमध्ये दुःखाची बाजू दोन वाक्यांत उरकून विजयाकडे धावणाऱ्यांविषयी माझे मत तेव्हापासून थोडे कठोर झाले आहे.

प्रभूच्या प्रार्थनेचा प्रसंग मात्र मला विस्ताराने लिहिला पाहिजे. स्वर्गातील पित्याला हाक मारून सुरू होणारी ती प्रार्थना माझ्या तोंडून निघत नसे. घशात काही अडकल्यासारखे होई आणि मी नुसते ओठ हलवत असे. हे कळल्यावर तुम्ही उपदेश केला नाहीत. सध्या रोजच्या भाकरीपासून सुरुवात कर, असे सांगितलेत. वरच्या ओळी मंडळी तुझ्यासाठी म्हणत राहील, तू जमेल तेव्हा त्यांत सामील हो. त्यामुळे बराच काळ माझी प्रार्थना भाकरीपासून सुरू होई, आणि लगेच पुढे ऋणांची ओळ येई: जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे सोड. तिथे मी पुन्हा अडले, तेव्हा तुम्ही किराणा दुकानातील उधारीच्या वहीचे उदाहरण दिलेत. दुकानदाराला उधारी माफ करायची असेल, तर किती आणि कशाची हे आधी वहीत असावे लागते. न लिहिलेली उधारी माफ होत नाही, ती नुसती बुडते आणि दुकानदार जन्मभर कुढत राहतो. तुम्ही मला शंभर पानी वही आणून दिलीत आणि वडील माझे काय काय देणे लागतात ते लिहायला सांगितलेत. आईचे मोडलेले मनगट मी लिहिले. दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री चुलीत गेलेली पुस्तके लिहिली. घरी मैत्रीण आणता न येणे लिहिले, मोठ्या आवाजाची भीती लिहिली, आणि पित्या हा शब्द माझ्याकडून हिरावला गेला, हेही लिहिले. हे काम एका बैठकीत झाले नाही. लिहून झाल्यावर तुम्ही ते वाचलेत आणि म्हणालात, ही रक्कम मोठी आहे. तोपर्यंत मला भेटलेल्या प्रत्येकाने ती लहान करून दाखवली होती.

क्षमा करणे म्हणजे त्या घरी परत राहायला जाणे, असा माझा आणि आईचाही समज होता. सत्तर वेळा सात इतकी क्षमा करावी, हा येशूचा आकडा आम्हांला पुष्कळदा ऐकवला गेला होता. तुम्ही मत्तयाच्या त्याच अठराव्या अध्यायात काही वचने मागे गेलात, जिथे येशू सांगतो की अपराध करणाऱ्याला एकांतात त्याचा अपराध दाखव, तो ऐकत नसेल तर एक-दोघांना बरोबर घेऊन जा, तरीही ऐकत नसेल तर मंडळीला कळव. म्हणजे क्षमेची मोजदाद येते ती चूक तोंडावर सांगून झाल्यानंतर. तुम्ही एवढ्यावर थांबला नाहीत. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा काय देतो, संरक्षण अधिकारी कोठे भेटतात, घरात राहण्याचा हक्क कसा मागता येतो, हे तुम्ही आईला बसवून समजावलेत. आईने शेवटी अर्ज केला नाही. ती माझ्याकडे राहायला आली. परंतु अर्ज करणे हे पाप नाही, हे तिला एका प्रार्थना करणाऱ्या बाईच्या तोंडून ऐकायचे होते. मलाही तुम्ही समुपदेशकाकडे पाठवलेत, आणि प्रार्थनेने भागत नाही का, असे कोणी विचारले तेव्हा, मोडलेल्या हाडाला प्लास्टर घालताना मी प्रार्थनाही करत असे, एवढेच उत्तर दिलेत. मिशन हॉस्पिटलात आयुष्य घालवलेल्या बाईला ते शोभले.

पुणे जिल्ह्यातील केडगावच्या भेटीबद्दलही आभार मानायचे राहून गेले होते. पंडिता रमाबाईंचे चरित्र मी शाळेत वाचले होते, पण ते विद्वत्तेचे म्हणून. 1870 च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण, पुढे भाऊ, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा, अशी माणसे गमावलेली ही बाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली व विधवांना घेऊन आली, आणि त्या वेळी तिने आपल्या स्वतःच्या दुष्काळाची हकीकत लिहून काढली, हे तुम्ही मला तिनेच उभारलेल्या मुक्ती मिशनच्या आवारात सांगितलेत. तिला काही विसर पडलेला नव्हता. शिवाय 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र बऱ्याच वर्षांनी भेटला, अशी कबुली तिनेच पुढे आपल्या साक्षीत दिली आहे. माझ्या मंदगतीची लाज त्या दिवशी पुष्कळ कमी झाली.

वडील आजारी पडले तेव्हा मी गावी जाऊ की नको, हे तुम्ही ठरवले नाहीत. क्षमा करते असे मला म्हणवत नसेल, तर वधस्तंभावरील येशूचे शब्द पाहा, असे सुचवलेत: हे पित्या, त्यांना क्षमा कर. मारणाऱ्यांशी तो त्या क्षणी बोलत नाही, तो आपल्या पित्याशी बोलतो. मला जे देता येत नव्हते ते मी वर मागू शकत होते, आणि बरेच दिवस मी फक्त मागितले. पुढे मी गेले, त्यांना पेज भरवली, रात्री लॉजवर राहिले. त्यांनी माफी मागितली नाही. मी वहीतला सगळा हिशेब त्यांना ऐकवला नाही, पण आईच्या मनगटाचा उल्लेख केला. ते भिंतीकडे वळले. काही आठवड्यांनी ते गेले. अंत्यविधीच्या उपासनेत त्यांच्या सेवेचा गौरव झाला आणि मी तो ऐकून घेतला, कारण माझे त्यांच्याकडे आता काही मागणे उरले नव्हते. हे तोपर्यंत घडून गेलेले होते. नक्की कधी, ते मला सांगता येत नाही. वही मी जाळली वगैरे नाही. ती कपाटात आहे आणि तिच्यात मी पुढे काही लिहिलेले नाही.

प्रभूची प्रार्थना आता मी पहिल्या ओळीपासून म्हणते, कधी सहज, कधी नेटाने. आमच्या महिला मंडळात वाचनाची पाळी आली की मी पंचावन्नावे स्तोत्र निवडते. मागे एकदा सभा संपल्यावर एक तरुण मुलगी थांबली. तिला मी शंभर पानी वही दिली आहे आणि समुपदेशकाचा पत्ताही. तिची तक्रार नेमकी कोणत्या दिशेने न्यावी, याबद्दल तुमचा सल्ला हवा आहे.

पुनरुत्थानदिनानंतरच्या (ईस्टरनंतरच्या) आठवड्यात मी आईसह तुमच्याकडे येते आहे. तुमच्या बायबलच्या समासातल्या नोंदी उतरवून घ्यायच्या आहेत, तुम्ही चष्म्याची सबब सांगितलीत तरी मीच वाचेन. आईलाही तुमच्याशी काही बोलायचे आहे; काय, ते तिने मला सांगितलेले नाही.

आपली ऋणी,
पुण्याची भाची