'आवाज'च्या खिडक्या जपा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरचे जुने दिवाळी अंक खाली येतात आणि किलोवर रद्दीत जातात. त्यांत 'आवाज' दिसला तर तेवढा बाजूला काढावा, यासाठी हे पत्र. मधुकर पाटकर यांनी १९५१ मध्ये सुरू केलेला हा विनोदी अंक वर्षाला एकदाच निघतो. त्याची खरी ओळख म्हणजे खिडकीचित्रे, आणि जुन्या अंकांत सर्वांत आधी बिघडतात तीच.

वरच्या पानाला चौकट कापलेली असते. तिच्यातून मागच्या चित्राचा नेमका तुकडा दिसतो आणि मनात भलताच अर्थ येतो. पान उलटले की साधासुधा प्रसंग. दोन पाने मिळून एक विनोद, एक गेले की दुसरे मुके. म्हणून जुना अंक घेताना मुखपृष्ठाच्या चकाकीवर जाऊ नये. प्रत्येक खिडकी पान मिटून आणि उलटून पाहावी, पृष्ठक्रमांक सलग आहेत का तपासावे. चित्र चौकटीत नीट बसत नसेल, तर बहुधा सुटलेले पान कोणीतरी दोन-तीन मिलिमीटर सरकवून डकवलेले असते. फाटायची सुरुवात चौकटीच्या कोपऱ्यातून होते, कारण पान उलटताना बोट तिथेच अडकते.

तिथे सेलोटेप मात्र अजिबात लावू नये. काही वर्षांत पट्टी गळून पडते, पण तिचा गोंद कागदात मुरून तपकिरी डाग कायमचा राहतो. जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट हातकागदाची) पट्टी मागच्या बाजूने गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावावी आणि वाळेपर्यंत वजनाखाली ठेवावी. लॅमिनेशन तर नकोच, ते परत काढता येत नाही.

वाचनालयातून निघालेल्या प्रती स्वस्त मिळतात, पण बाइंडिंग पाहून घ्याव्यात. तीन-चार अंक एकत्र करून कडेने आरपार शिवण घातली की आतला समास गिळला जातो, पान सपाट उघडत नाही आणि शिवणीजवळची खिडकी निम्मी झाकते. गंजलेल्या पिना ओढून काढू नयेत. मागची टोके बोथट पात्याने सरळ करावीत, मग पिना अलगद निघतात. त्याच भोकांतून सुती दोरा ओवावा.

ठेवताना अंक आडवे, एकावर एक दहापेक्षा जास्त नकोत. बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट पावसाळ्यात ओल धरते. पीव्हीसीच्या पिशव्या चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनच्या घ्याव्यात आणि तोंड पूर्ण बंद करू नये. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवण्याची सवय मोडावी, कारण त्या कागदातले आम्ल अंकाच्या कागदात उतरते. कसर पाने कुरतडते. ती ओलीत वाढते, म्हणून डांबराच्या गोळ्यांपेक्षा कोरडी जागा महत्त्वाची.

हल्ली जुने अंक स्कॅन होऊ लागले आहेत ही आनंदाची गोष्ट. पण पाने आपोआप आत ओढणाऱ्या स्कॅनरच्या फीडरमधून सोडली की खिडकीचे नुसते भोक उमटते, शिवाय पान फाटते ते वेगळेच. सपाट काचेवर, ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), प्रत्येक खिडकीचे चार स्कॅन हवेत: मागचे पान जागेवर ठेवून, खिडकीमागे काळा कागद धरून (म्हणजे कापाची कड स्पष्ट येते), मागचे पान एकटे, आणि कापलेले पान उलटून, कारण तेच भोक पलीकडून आधीच्या पानावरही उघडते. हा चौथा बहुतेक ठिकाणी राहून जातो.

ग्रंथालयांना एक विनंती. दुबार प्रती बाद करताना मुखपृष्ठ चांगले म्हणून प्रत राखली जाते. त्याऐवजी ज्या प्रतीच्या सगळ्या खिडक्या धड आहेत ती राखा, मग तिचे मुखपृष्ठ नसले तरी चालेल.

आपले,
जुन्या दिवाळी अंकांचे काही संग्राहक, पुणे