वाक्ये फिरवली म्हणून इंग्रजी सुधारत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या कालच्या पुरवणीतील इंग्रजी लेखनाविषयीचा लेख वाचला. लागोपाठची दोन वाक्ये एकाच शब्दाने सुरू करू नयेत, लांब वाक्यानंतर आखूड वाक्य यावे आणि प्रत्येक परिच्छेदात निदान एक वाक्य ‘-इंग’ लागलेल्या क्रियापदाने सुरू व्हावे, असे तीन नियम लेखकाने चौकटीत दिले आहेत आणि ही चौकट कापून अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवावी, अशी विद्यार्थ्यांना सूचनाही केली आहे. लेखकाच्या हेतूविषयी मला शंका नाही. चौकटीविषयी मात्र आहे.

रोगाचे निदान मला मान्य आहे. शाळेत शिकलेले आपले इंग्रजी बहुधा कर्ता, क्रियापद आणि कर्म या एकाच चाकोरीतून चालते, दोन वाक्ये जोडायची वेळ आली की ‘अँड’ येतो, कारण द्यायचे असले की ‘सो’ येतो, आणि पानभर मजकूर संपल्यावरही त्यात महत्त्वाचे काय नि किरकोळ काय, हे वाचणाऱ्याला उमगत नाही. परंतु त्यावर लेखकाने सुचवलेला उपाय म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाचा थर्मामीटर झटकून पारा खाली आणण्यासारखा आहे. या उपायाची प्रचिती माझ्या घरातच आलेली असल्यामुळे हा पत्रप्रपंच करावा लागत आहे.

माझ्या भाचीने परदेशातील एका विद्यापीठाच्या प्रवेशअर्जासोबत जोडण्यासाठी स्वतःविषयी एक निबंध लिहिला होता. त्याची सुरुवात अशी होती: ‘माय फादर रन्स अ फ्लोअर मिल. माय मदर कीप्स द अकाउंट्स. माय ग्रँडमदर डझ नॉट ट्रस्ट द वेइंग मशीन.’ ही तीन वाक्ये वाचून मला मनापासून हसू आले, कारण गिरणीतला इलेक्ट्रॉनिक काटा माझ्या आईला खरोखरच मान्य नाही आणि त्यावर तोललेले धान्य ती अजूनही मापाने मोजून पाहते. परंतु जो माझ्या आईला ओळखत नाही त्यालाही हसू यावे, अशीच ती रचना होती. पहिली दोन वाक्ये सारख्याच चालीने, निरागसपणे येतात, वाचणारा तिसऱ्याकडून त्याच प्रकारच्या माहितीची अपेक्षा करतो, आणि तिसरे त्याच चालीने येऊन आजीला पुढे उभी करते. तीनही वाक्यांच्या आरंभी ‘माय’ आहे म्हणूनच हे घडते. मुलीला हे कोणी शिकवले नव्हते. तिला ते कानाने कळले होते.

असे निबंध ‘पॉलिश’ करून देणारा आणि त्यासाठी घसघशीत फी आकारणारा एक क्लास आहे. तेथून निबंध परत आला तेव्हा त्याची सुरुवात पुढीलप्रमाणे झाली होती: ‘बीइंग द ओनर ऑफ अ फ्लोअर मिल, आय हॅव ऑल्वेज ॲडमायर्ड माय फादर. नॉट ओन्ली डझ माय मदर कीप द अकाउंट्स, बट शी ऑल्सो सपोर्ट्स हिम. इट इज द वेइंग मशीन दॅट इज नॉट ट्रस्टेड बाय माय ग्रँडमदर.’

आपल्या लेखकाच्या चौकटीत हा परिच्छेद अगदी चपखल बसतो, याबद्दल मी त्यांचे अभिनंदन करतो. तीन वाक्ये तीन वेगळ्या शब्दांनी सुरू होतात आणि ‘-इंग’सुद्धा हजर आहे. फरक एवढाच, की पहिल्या वाक्याने मुद्रांक शुल्काचा एक रुपयाही न भरता गिरणी माझ्या भाचीच्या मालकीची करून टाकली आहे, कारण इंग्रजीत अशा आरंभीच्या तुकड्याचा न लिहिलेला कर्ता हा पुढील मुख्य वाक्याचा कर्ता मानला जातो, आणि येथे तो ‘आय’ आहे. दुसऱ्या वाक्यात ‘नॉट ओन्ली’ लिहिल्यावर ‘बट ऑल्सो’साठी काहीतरी आणणे भाग पडले, म्हणून माझी बहीण मेहुण्यांना आधार देऊ लागली, मूळ निबंधात असा काही उल्लेख नव्हता. तिसऱ्या वाक्याने आजीचा अविश्वास खास त्या यंत्रापुरता आहे, मुलगी, जावई आणि हिशेबाची वही यांच्यावर तिचा पूर्ण भरवसा आहे, असा खुलासा कोणीही न मागता केला. हसू तर कोठेच उरले नाही. मी भाचीला मूळ निबंधच पाठव म्हणून परोपरीने सांगितले. ‘मामा, फी भरली आहे,’ एवढेच तिचे उत्तर होते. प्रवेशाचे पुढे काय झाले हे मी मुद्दामच सांगत नाही, कारण त्याचे श्रेय किंवा दोष एका परिच्छेदाला देणे न्यायाचे होणार नाही.

या ‘-इंग’च्या बाबतीत तर मराठी मुलांना अधिक सावध करायला हवे होते. ‘रस्त्याने चालताना त्याला साप चावला’ हे मराठी वाक्य पूर्णपणे निर्दोष आहे. चालणारा कोण, हे ‘त्याला’ या शब्दावरून कोणालाही समजते. तेच वाक्य जसेच्या तसे उचलून ‘वॉकिंग ऑन द रोड, अ स्नेक बिट हिम’ असे लिहिले की रस्त्याने सापच चालू लागतो. आपल्या भाषेची ही सवलत इंग्रजीत मिळत नाही, हे एका ओळीत सांगता आले असते. तसे न करता प्रत्येक परिच्छेदात एक ‘-इंग’ घाला, असे सांगणे म्हणजे प्रत्येक परिच्छेदात एक साप सोडायला सांगणे होय.

मी जिल्हा न्यायालयात इंग्रजी लघुलेखक होतो. भाषेचा पंडित असल्याचा माझा दावा नाही, परंतु इतरांची वाक्ये त्यांच्या तोंडून निघत असतानाच कागदावर उतरवण्यात माझी नोकरी गेली, आणि वाक्याचा भार कोठे पडतो हे अशा कामात बोटांना समजू लागते. सत्र न्यायालयात साक्षीदाराची साक्ष सर्वसाधारणपणे प्रश्नोत्तरांच्या रूपात न घेता सलग निवेदनाच्या रूपात लिहितात. त्या निवेदनात वाक्यामागून वाक्य ‘आय’नेच सुरू होते: मी आरोपीला ओळखतो, मी त्या वेळी चहाच्या टपरीवर होतो, मी त्याला धावताना पाहिले. एका वाक्यात एकच गोष्ट असते, कारण उलटतपासात प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे तपासली जाणार असते. उलटतपास सुरू झाला की पुढची दोन-तीन पाने ‘इट इज नॉट ट्रू टू से दॅट’ या एकाच आरंभाने भरतात, आणि कोणत्याही न्यायाधीशाने त्यात वैविध्य आणण्याची सूचना केल्याचे मला आठवत नाही. मात्र तेच न्यायाधीश चेंबरमध्ये निकालपत्र सांगू लागले, की एकेक वाक्य अर्धे पान व्यापत असे, कारण तेथे एका बाजूचा पुरावा, दुसऱ्या बाजूचा आक्षेप, त्या आक्षेपाचे उत्तर आणि त्या उत्तराला असलेली मर्यादा ही सर्व एकमेकांना बांधूनच सांगावी लागत, आणि त्यांतील एकही गाठ सोडली तर अपिलात तेवढाच धागा ओढला जाण्याची भीती असे. दोन्ही मजकूर एकाच दिवशी, एकाच इमारतीत तयार होत आणि दोन्ही उत्तम इंग्रजी असत.

न्यायालयाचे इंग्रजी कोरडे असते, असा आक्षेप येईल, म्हणून 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजी भाषणाकडे लेखकाचे लक्ष वेधतो. 26 जानेवारी 1950 रोजी आपण विसंगतींच्या जीवनात प्रवेश करणार आहोत, असे सांगून झाल्यावर बाबासाहेबांची पुढील दोन वाक्ये लागोपाठ ‘इन पॉलिटिक्स’ या शब्दांनी सुरू होतात. त्यानंतर थोड्याच अंतरावर दोन प्रश्न येतात, आणि त्या दोन्ही प्रश्नांचा आरंभ ‘हाउ लाँग शॅल वुई कंटिन्यू’ असा आहे. चौकटीतील पहिल्या नियमाप्रमाणे येथे दोनदा गुण कापावे लागतील. ते कोणी कापायचे, हे लेखकानेच ठरवावे.

याचा अर्थ वाक्याची रचना बदलूच नये, असा नाही. पंडित नेहरूंचे 14 ऑगस्ट 1947 च्या रात्रीचे प्रसिद्ध वाक्य पाहा. ‘ॲट द स्ट्रोक ऑफ द मिडनाइट अवर, व्हेन द वर्ल्ड स्लीप्स, इंडिया विल अवेक टू लाइफ अँड फ्रीडम.’ (जग त्या वेळी झोपलेले नव्हते, लंडनमध्ये तर संध्याकाळ होती, हा आक्षेप जुना आहे आणि तूर्त बाजूला ठेवू.) येथे वेळेचा उल्लेख आधी आला, तो मागचे वाक्य वेगळ्या शब्दाने सुरू झाले होते म्हणून नव्हे. हेच वाक्य शाळेतल्या चाकोरीप्रमाणे ‘इंडिया’पासून सुरू करून पाहावे, ते ‘स्लीप्स’वर येऊन थांबते, म्हणजे भारत जागा होण्याऐवजी जग झोपून वाक्य संपते. इंग्रजी वाक्याच्या शेवटी जे येते तेच कानात राहते. मराठीत आपण ‘मी पैसे दिले’ आणि ‘पैसे मी दिले’ एवढ्या अदलाबदलीने भांडण जिंकू शकतो. इंग्रजीत शब्दांच्या जागेवरून कर्ता आणि कर्म ओळखायचे असल्यामुळे तशी मोकळीक नाही, म्हणून त्या भाषेला कर्मणी प्रयोग, ‘इट वॉज आय हू’ अशी वळणे आणि गौण वाक्ये यांची मदत घ्यावी लागते. या रचना गरज पडली म्हणून वापरायच्या असतात. आधीच्या ओळीत कोणती वापरली होती, ते पाहून पुढची निवडायची नसते.

हा गैरसमज मुलांच्या डोक्यात क्लासवाल्यांनी प्रथम घातला, असेही नाही. आपल्या शालेय परीक्षांत पिढ्यानपिढ्या ‘रिमूव्ह टू’, ‘यूज नो सूनर दॅन’, ‘चेंज द डिग्री’, ‘चेंज द व्हॉइस’ असे प्रश्न येत आले आहेत आणि अर्थ न बदलता वाक्य बदला, ही त्यामागची अट असते. अर्थ न बदलता! कर्मणी प्रयोगात चूक करणाऱ्याचे नाव गाळता येते, हे प्रत्येक सरकारी कचेरीला ठाऊक आहे, आणि तरीही दोन्ही वाक्ये सारखीच असे आपण मुलांना सांगतो. दहा वर्षे हे ऐकलेल्या विद्यार्थ्याला रचना हा केवळ वरचा पेहराव वाटला, तर त्याला बोल कसा लावणार? आता तर मजकूर तपासणारी काही संगणकीय साधनेही लागोपाठ तीन वाक्ये एकाच शब्दाने सुरू झाली की इशारा देतात. गिरणी कोणाच्या नावावर गेली, हे मात्र त्यांतले प्रत्येक साधन सांगेलच असे नाही.

विषय निघालाच आहे म्हणून आपल्या कार्यालयाविषयीही एक तक्रार नोंदवतो. आमच्या भागातील रस्ता रुंदीकरणासंबंधी मी यापूर्वी आपणास जे पत्र पाठवले होते, त्यातील एक वाक्य असे होते: ‘रुंदीकरणाला माझा विरोध नाही, परंतु तोडल्या जाणाऱ्या झाडांच्या मोबदल्यात नवी झाडे लावण्याची लेखी हमी मिळेपर्यंत हे काम सुरू होता कामा नये.’ आपल्या उपसंपादकांना हे वाक्य लांब वाटले असावे. त्यांनी ते मधोमध तोडले आणि पुढे बहुधा जागेअभावी दुसरा भाग गाळला. ‘रुंदीकरणाला माझा विरोध नाही,’ एवढेच छापून आले. शेजारच्या ज्या मंडळींनी माझ्या सांगण्यावरून निवेदनावर सह्या केल्या होत्या, त्यांना तोंड देताना माझी जी अवस्था झाली, तिचे वर्णन येथे करत नाही. खुलाशाचे पत्र पाठवले, ते आलेच नाही. जे वृत्तपत्र आपल्या वाचकांना लांब आणि आखूड वाक्यांचे प्रमाण शिकवते, त्याच्याच बातम्यांत लाठीमार करण्यात येतो, चौकशी करण्यात येते आणि दिलगिरीही व्यक्त करण्यात येते, करणारा मात्र कधी सापडत नाही, हे लेखकाने कधीतरी जाता जाता पाहावे.

या लेखमालेचा पुढील भाग यायचा आहे, असे कालच्या टिपेवरून दिसते. त्यात नवी चौकट देण्यापूर्वी एखाद्या विद्यार्थ्याचा खरा परिच्छेद घेऊन त्यातले कोणते वाक्य बदलले, कोणते तसेच ठेवले आणि का, हे लेखकाने दाखवावे, अशी विनंती आहे. हे पत्र छापताना जागा कमी पडल्यास एखादा परिच्छेद संपूर्ण वगळण्यास माझी हरकत नाही. वाक्ये मात्र मध्येच तोडू नयेत.

आपला,
एक निवृत्त लघुलेखक, मिरज